मिश्रशब्द (इंग्रजी भाषा)

दोन, क्वचित त्याहून अधिक, शब्दांचे तुकडे एकमेकांत मिसळून जो एकसंध नवा शब्द तयार होतो, त्याला मिश्रशब्द म्हणतात. इंग्रजीत अशा शब्दाला 'ब्लेंड' किंवा 'पोर्टमँटो' अशी नावे आहेत. स्मोक (धूर) आणि फॉग (धुके) यांपासून झालेला 'स्मॉग', ब्रेकफास्ट (न्याहारी) आणि लंच (दुपारचे जेवण) यांपासून झालेला 'ब्रंच', मोटर आणि हॉटेल यांपासून झालेला 'मोटेल' ही त्याची परिचित उदाहरणे होत. असे शब्द इंग्रजीत तुरळक प्रमाणात पूर्वीपासून असले, तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांची संख्या झपाट्याने वाढली. वृत्तपत्रे, जाहिराती, विज्ञान आणि राजकारण या क्षेत्रांनी त्यांना विशेष खतपाणी घातले. यांतील अनेक शब्द मराठीतही रोजच्या वापरात आहेत. मात्र त्यांच्या पोटात दोन शब्द दडलेले आहेत, हे मराठी वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही.

संधी, समास आणि मिश्रशब्द

मराठी व्याकरण शिकलेल्या वाचकाला मिश्रशब्द हा प्रथमदर्शनी समासाचाच प्रकार वाटण्याचा संभव आहे. दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. 'विद्यालय' या शब्दात विद्या आणि आलय यांचा संधी झाला आहे. जोडावरचे स्वर एकरूप झाले, तरी दोन्ही शब्द नियमाने सोडवून जसेच्या तसे परत मिळविता येतात. 'आईवडील' या समासात 'आणि' हा शब्द लोपला आहे. 'पुरणपोळी'सारख्या मध्यमपदलोपी समासात तर 'भरून केलेली' एवढा मजकूर गळला आहे. परंतु जे गळाले ते अख्खे शब्द होत. जी पदे उरली, त्यांना धक्का लागलेला नाही.

मिश्रशब्दात शब्दच कापला जातो. 'ब्रंच'मधल्या 'ब्र'ला स्वतंत्र अर्थ नाही आणि उरलेल्या 'अंच'लाही नाही. दोन निरर्थक तुकडे जोडले असता सार्थ शब्द तयार होतो, कारण ऐकणारा त्या तुकड्यांवरून मूळचे दोन्ही शब्द मनात पुरे करून घेतो. समासाचा विग्रह व्याकरणाच्या आधारे करता येतो. मिश्रशब्दाचा विग्रह श्रोत्याच्या ओळखीवर अवलंबून असतो. मूळ शब्द ठाऊक नसतील, तर कोणताही नियम मदतीला येत नाही.

आद्याक्षरांपासून होणारे शब्द (मनपा, अंनिस, नाटो) हा निराळा वर्ग आहे. तसेच दोन भाषांमधील घटक एकत्र येऊन झालेल्या शब्दांना संकरित शब्द म्हणतात. मराठीतील 'रेल्वेमार्ग' किंवा ग्रीक 'टेली' व लॅटिन मुळाचा 'व्हिजन' यांपासून झालेला 'टेलिव्हिजन' ही त्याची उदाहरणे. संकरित शब्दात घटक अखंड राहू शकतात, म्हणून त्याची मिश्रशब्दाशी गल्लत करू नये.

नावाची कथा

'पोर्टमँटो' हे नाव लुईस कॅरल या लेखकाने दिले. कॅरल हे टोपणनाव. त्याचे खरे नाव चार्ल्स लटविज डॉजसन, आणि तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवीत असे. १८७१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या त्याच्या पुस्तकात 'जॅबरवॉकी' नावाची एक विनोदी कविता आहे. तिच्यातील अनेक शब्द कोणत्याही कोशात नव्हते. अॅलिस ही बालनायिका हम्प्टी डम्प्टी या अंड्याच्या आकाराच्या पात्राला त्यांचा अर्थ विचारते. 'स्लायदी' म्हणजे लाइद (लवचिक) आणि स्लाइमी (बुळबुळीत), 'मिम्झी' म्हणजे फ्लिम्झी (तकलादू) आणि मिझरेबल (दीनवाणा) असे सांगून तो अशा शब्दांची तुलना पोर्टमँटोशी करतो.

पोर्टमँटो ही त्या काळची प्रवासी पेटी होय. ती मधोमध उघडे व तिचे दोन सारखे कप्पे होत असत. एका पेटीत दोन कप्पे, तसे एका शब्दात दोन अर्थ, अशी ही उपमा आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'झगा वाहून नेणारा' असा आहे. गंमत अशी, की आधुनिक फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ कोट अडकविण्याचे खुंटाळे असा होतो. त्यामुळे फ्रेंच लोक मिश्रशब्दाला त्या नावाने न संबोधता 'मो-व्हालीज', म्हणजे 'पेटी-शब्द', असे म्हणतात. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेल्या शब्दाची उपमा अशा रीतीने भाषांतरित होऊन फ्रेंचमध्ये परत आली.

१८७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द हंटिंग ऑफ द स्नार्क'च्या प्रस्तावनेत कॅरलने याच विषयाकडे पुन्हा लक्ष दिले. फ्यूमिंग (धुमसणारा) आणि फ्यूरिअस (संतापलेला) हे दोन शब्द एकाच वेळी ओठांवर आले आणि मन कोणत्याही एकाकडे तसूभरही झुकले नाही, तर तोंडून 'फ्रूमिअस' बाहेर पडेल, असे त्याच्या विवेचनाचे तात्पर्य आहे. हे केवळ विनोदाने लिहिलेले नसावे. बोलण्याच्या ओघात समानार्थी दोन शब्द एकदम सुचून त्यांची सरमिसळ होते, हे भाषाशास्त्रज्ञांनी पुढे बोलण्यातील चुकांच्या अभ्यासात नोंदविले आहे.

कॅरलचे बहुतेक शब्द त्याच्या पुस्तकातच राहिले. 'चॉर्टल' मात्र इंग्रजीत कायमचा रुळला. चकल (गालातल्या गालात हसणे) या शब्दाच्या पोटात स्नॉर्ट (नाकातून फुरफुरणे) याचा तुकडा बसवून तो बनविला आहे. एक शब्द दुसऱ्याच्या मधोमध घालण्याची ही तऱ्हा विरळाच आढळते.

इतिहासातील काही शब्द

कॅरलने प्रकाराला नाव दिले, प्रकार त्याच्या आधीचा आहे. १८१२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याने आपल्या पक्षाला अनुकूल ठरेल अशी मतदारसंघांची फेररचना मंजूर केली. त्यांतील एका मतदारसंघाचा नकाशा इतका वेडावाकडा होता, की तो सॅलमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याप्रमाणे भासे. बॉस्टनमधील एका वृत्तपत्राने त्या नकाशाला पंख व नखे काढून व्यंगचित्र छापले आणि 'गेरीमँडर' हा शब्द जन्माला आला. स्वतः गव्हर्नरच्या आडनावाचा उच्चार 'गेरी' असा होता. शब्दाचा उच्चार आज सर्वत्र 'जेरीमँडर' असा होतो. मूळ माणूस विस्मृतीत गेला आणि त्याच्या नावाचा उच्चारही शब्दाने टिकविला नाही. कृत्य मात्र त्याच्या नावावर कायम आहे. मतदारसंघांची सोयीस्कर आखणी या अर्थाने हा शब्द अमेरिकेच्या राजकारणात व न्यायालयांत आजही नित्य वापरला जातो.

ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांचा 'ऑक्सब्रिज' हा एकत्रित उल्लेख थॅकरेच्या 'पेंडेनिस' या कादंबरीत (१८४८–५०) एका काल्पनिक विद्यापीठाचे नाव म्हणून येतो. तेथेच 'कॅमफर्ड' हा उलटा शब्दही आहे. पहिला चालला, दुसरा जवळजवळ विसरला गेला.

'ब्रंच'चीही अशीच एक जोडी होती. १८९५ साली गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी न्याहारी आणि जेवण एकत्र करावे, अशी लेखाद्वारे शिफारस केली. पुढल्याच वर्षी 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने त्यात बारकावा आणला: हे खाणे न्याहारीच्या वेळेला जवळचे असेल तर 'ब्रंच' आणि दुपारच्या जेवणाला जवळचे असेल तर 'ब्लंच' म्हणावे. 'ब्लंच' टिकला नाही. त्यात 'ब्र' गेल्यामुळे ब्रेकफास्टची खूण पुसट होते, हे त्याचे एक कारण मानता येईल.

'स्मॉग' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः हेन्री अँत्वान दे व्हू या डॉक्टरांना दिले जाते. लंडनमधील दगडी कोळशाच्या धुराविरुद्ध चाललेल्या चळवळीतील ते एक कार्यकर्ते होते. १९०५ साली लंडनमध्ये भरलेल्या सार्वजनिक आरोग्यविषयक परिषदेत त्यांनी या शब्दाचा वापर केला. लंडनचे धुके हा तोवर निसर्गाचा प्रकार समजला जात असे. कवी आणि चित्रकारांनी त्याचे कौतुकही केले होते. नव्या शब्दाने त्या धुक्यातील धूर वेगळा दाखवून दिला, आणि धूर माणसाने केलेला असल्याने तो थांबविणेही माणसाच्या हाती होते. तरीही त्यासाठी बराच काळ जावा लागला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर दाट स्मॉग साचून राहिला. सुमारे चार हजार माणसे त्यामुळे दगावल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला; नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली ब्रिटिश संसदेने स्वच्छ हवेचा कायदा संमत केला.

या शब्दाचा अर्थ पुढे त्याच्या व्युत्पत्तीपासून दूर गेला. लॉस एंजेलिस शहरातील स्मॉग वाहनांच्या धुरांड्यांतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होतो. तेथे कोळशाचा धूर नाही आणि खरे धुकेही नाही. शब्दाचे दोन्ही जनक अनुपस्थित असताना शब्द मात्र तेथे नांदतो आहे.

मिश्रशब्दांचे स्वतंत्र, पुस्तकरूप विवेचन लुईझ पाउंड या अमेरिकन विदुषीने १९१४ साली केले. त्यानंतर 'मोटेल' (कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो, १९२५), इयन मॅक्लाउड या ब्रिटिश राजकारण्याने संसदेत वापरलेला 'स्टॅगफ्लेशन' (१९६५, मंदी असताना होणारी भाववाढ), तसेच 'ब्रेक्झिट' असे अनेक शब्द आले. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडणे या अर्थी 'ब्रेक्झिट' हा शब्द २०१२ मध्ये, ग्रीसविषयीच्या 'ग्रेक्झिट'च्या धर्तीवर निघाला. त्याच वर्षी 'ब्रिक्झिट' असेही रूप छापले गेले होते. २३ जून २०१६ च्या सार्वमतानंतर पहिले रूप जगभर पसरले.

संगणकक्षेत्रातील पारिभाषिक शब्दांत तर मिश्रशब्दांची रेलचेल आहे. बायनरी व डिजिट यांपासून 'बिट', पिक्चर व एलिमेंट यांपासून 'पिक्सेल', मॉड्युलेटर व डीमॉड्युलेटर यांपासून 'मोडेम'. ज्ञानकोशाच्या वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे 'विकिपीडिया'. हवाई बेटांच्या भाषेतील 'विकी' (जलद) आणि 'एन्सायक्लोपीडिया' यांचे ते मिश्रण आहे.

रचनेचे संकेत

मिश्रशब्द मनाला येईल तसे बनविता येतात, असा समज आहे. टिकून राहिलेल्या शब्दांकडे पाहिल्यास तो खरा वाटत नाही. पहिल्या शब्दाचा आरंभ आणि दुसऱ्या शब्दाचा शेवट घ्यायचा, हा सर्वांत प्रचलित संकेत आहे. शब्दाचे मधले भाग कानावर फारसे ठसत नाहीत. आरंभ आणि अंत ठसतात. म्हणून कात्री मध्यभागावर चालते.

कापण्याची जागाही ठरलेली असते. इंग्रजी अक्षरात स्वरापूर्वीची व्यंजने एका बाजूला आणि स्वरासह पुढचा भाग दुसऱ्या बाजूला, असे दोन भाग कानाला जाणवतात. यमक जुळते ते या दुसऱ्या भागाचे. स्मॉग–फॉग, ब्रंच–लंच यांचे यमक जुळते ते याचमुळे. देवनागरी लिपीत स्वर व्यंजनाला चिकटून मात्रेच्या रूपाने येत असल्याने हा सांधा डोळ्यांना दिसत नाही. 'ब्रंच' हे 'ब्र्' आणि 'अंच' असे फोडले, तरच तो उघड होतो.

नव्या शब्दाची लांबी आणि आघात बहुधा दुसऱ्या शब्दाचे अनुकरण करतात. मोटर या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर आहे, हॉटेलमध्ये दुसऱ्यावर. 'मोटेल'मध्येही तो दुसऱ्यावरच पडतो. अर्थाच्या बाबतीतही पुष्कळदा दुसरे पद प्रधान असते. मोटेल हे हॉटेलच असते. दोन्ही शब्दांत काही ध्वनी समान असल्यास जोड अधिक बेमालूम होते. मोटर आणि हॉटेल यांत 'ओट' हा भाग दोघांचाही आहे, त्यामुळे नेमकी शिवण कोठे आहे हे सांगणे अवघड जाते.

पदांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, याचे चोख उदाहरण प्राणिशास्त्रात सापडते. नर सिंह आणि वाघीण यांच्या संकरातील पिल्लाला 'लायगर' म्हणतात; नर वाघ आणि सिंहीण यांच्या पिल्लाला 'टायगॉन'. पित्याचे नाव पुढे ठेवण्याची ही पद्धत आहे.

तुकड्यांचे प्रत्यय होणे

काही मिश्रशब्द इतके लोकप्रिय होतात, की त्यांतील तुकडा मूळ शब्दापासून सुटतो आणि प्रत्ययासारखा कोठेही लागू लागतो. बहुतेक वेळा हा तुकडा चुकीच्या जागी तुटलेला असतो. 'अल्कोहोल' हा शब्द मुळात अरबी असून त्यातील 'अल्' हे अरबी उपपद आहे. 'अल्कोहोलिक' (दारूचा व्यसनी) यातील 'इक' एवढाच खरा प्रत्यय. पण वेन ओट्स या अमेरिकन लेखकाने १९७१ साली आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात 'वर्कोहोलिक' (कामाचा व्यसनी) हा शब्द वापरला आणि 'ओहोलिक' हा व्यसनवाचक प्रत्यय होऊन बसला.

'हेलिकॉप्टर' हा ग्रीक 'हेलिक्स' (मळसूत्र) आणि 'प्टेरॉन' (पंख) यांपासून फ्रेंचमध्ये बनविलेला शब्द आहे. त्याची खरी फोड 'हेलिको' व 'प्टर' अशी होते. इंग्रजी कानांना 'प्ट' हा आरंभ अपरिचित, म्हणून त्यांनी तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा तोडला. निवडणुकीच्या काळात महाराष्ट्रातील गावोगावी जी 'हेलिपॅड' तयार होतात, त्यांचे नाव या चुकीच्या तुटीतून आले आहे. 'हॅम्बर्गर' हा हॅम्बुर्ग या जर्मन शहराच्या नावावरून आला; त्यात हॅम, म्हणजे डुकराचे मांस, नाही. लोकांनी तसे समजून 'बर्गर' वेगळा काढला आणि पुढे त्याला चीझ, चिकन वगैरे जोडले.

मॅरेथॉन हे ग्रीसमधील ठिकाणाचे नाव; त्यातील 'थॉन' घेऊन वॉकेथॉन, हॅकेथॉन निघाले. वॉटरगेट हे वॉशिंग्टनमधील इमारतींच्या संकुलाचे नाव. १९७२ च्या तेथील घरफोडीतून उघड झालेल्या प्रकरणापासून 'गेट' म्हणजे घोटाळा असे समीकरण झाले. कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणाला भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांनी २०१२ साली 'कोलगेट' म्हटले, ते याच वळणाचे.

उलट, काही शब्द मिश्र वाटतात, पण तसे नसतात. 'इमोटिकॉन' हा इमोशन व आयकॉन यांपासून झाला आहे. 'इमोजी'चा मात्र इमोशनशी संबंध नाही. तो जपानीतील 'ए' (चित्र) आणि 'मोजी' (अक्षरचिन्ह) यांचा सरळ समास होय.

भारतीय इंग्रजी आणि मराठी

भारतात घडलेला सर्वांत प्रसिद्ध मिश्रशब्द 'बॉलीवूड' हा असावा. बॉम्बे आणि हॉलीवूड यांपासून तो झाला. टॉलीगंज या कोलकात्यातील भागावरून 'टॉलीवूड' हे नाव त्याच्याही पूर्वी प्रचारात होते. १९९५ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले, परंतु या शब्दातील 'ब' जागचा हलला नाही. हॉलीवूडच्या नकलेचा वास येतो म्हणून चित्रपटसृष्टीतील काहींनी हे नाव नापसंत केले आहे. ही तक्रार रास्त आहे. तथापि शब्द इतका पसरला आहे, की आता तो मागे घेणे कोणाच्या हाती राहिलेले नाही. हिंग्लिश, मिंग्लिश हे शब्द आणि 'विरुष्का'सारखी प्रसिद्ध जोडप्यांची जोडनावे याच घडणीची आहेत.

इंग्रजी मिश्रशब्द मराठीत आणताना बहुधा लिप्यंतराचा मार्ग धरला जातो: मोटेल, मोडेम, पॉडकास्ट, ब्रेक्झिट. यंत्रे व व्यवसाय यांच्या नावांपुरते त्यात वावगे नाही. परंतु लिप्यंतरात मिश्रशब्दाचा मुख्य गुण नाहीसा होतो. इंग्रजी जाणणाऱ्याला 'स्मॉग' ऐकताच धूर आणि धुके दोन्ही दिसतात. केवळ मराठी जाणणाऱ्याला तो एक अपरिचित आवाज असतो. हवेच्या प्रदूषणाची सूचना वाचणारी व्यक्ती दम्याची रुग्ण असेल, तर हा फरक किरकोळ मानता येत नाही.

या शब्दाला मराठीत 'धुरके' असा प्रतिशब्द वापरला जातो. मिश्रशब्दाचे भाषांतर मिश्रशब्दानेच केल्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. धूर आणि धुके यांचा आरंभ एकाच ध्वनीने होतो, त्यामुळे जोड मुळीच खटकत नाही. 'धुरकट' हा शब्द भाषेत आधीपासून असल्याने कानालाही तो परका वाटत नाही. इंग्रजीत स्वरापाशी पडणारी तूट येथे मराठीच्या प्रकृतीप्रमाणे पूर्ण अक्षरावर पडली आहे: 'धुर' आणि 'के'. धूर पुल्लिंगी आहे, धुके नपुंसकलिंगी. 'धुरके' दुसऱ्या पदाचे लिंग घेते आणि त्याचे सामान्यरूपही 'धुक्यात'प्रमाणे 'धुरक्यात' असे होते.